हातांच्या रक्ताभिसरणासाठी कार्बन डायऑक्साइडचे हातमोजे : कुणाला अनुभव आहे का?

हिरवाचाफा | ठाणे

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीसाठी विचारतेय. ताई ४४ वर्षांची आहे, घोडबंदर रोडला राहते, नोकरी महापेला. गेल्या पावसाळ्यापासून ऑफिसच्या एसीत बसलं की तिची बोटं पांढरी पडतात. पांढरी म्हणजे अगदी खडूसारखी. तर्जनी आणि मधलं बोट, टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत, आणि तिथून पुढे लगेच नेहमीचा रंग. थोड्या वेळाने निळसर होतात, आणि बाहेर उन्हात आली की लालबुंद होऊन ठणकायला लागतात. फ्रीजरमधून मटारची पिशवी काढली तरी तेच. कधी कधी ब्लाउजचं हूक लावता येत नाही इतकी बोटं बधिर होतात.

आमचा मामेभाऊ फ्रान्समध्ये असतो. तो म्हणाला, तिकडे र्‍वाया नावाच्या गावी यासाठी झऱ्यातल्या कार्बन डायऑक्साइडचे उपचार आहेत, हाताला वायूचे मोजे घालतात म्हणे. इकडे ठाण्यात एका क्लिनिकने ताईला 'कार्बॉक्सी थेरपी'चं पॅकेज सांगितलंय. वायू तोच, पण सुईने कातडीखाली सोडणार. ताई आगाऊ पैसे भरायच्या बेतात आहे, मी तिला थोडं थांबवून धरलंय.

या दोन्ही गोष्टी एकच का? खरंच गुण येतो का? आणि आई रोज विचारते, वज्रेश्वरीची कुंडं चालणार नाहीत का? जाणकारांनी सांगावं.

वाशीचा_वारा | वाशी

माझीही करंगळी पांढरी पडते. वाचतोय.

सुपारी | कोपरी, ठाणे

कार्बन डायऑक्साइड म्हणजे सोडाच ना? गावदेवीजवळच्या सोडावाल्याकडे हात बुडवून बसायचं, वर लिंबू पिळून प्यायचं. दोन्ही कामं. 😀

(गंमत केली, ताईंना लवकर बरं वाटो.)

नाडीवाला | खारघर

मी फिजिशियन आहे. धाग्यावर निदान करत नाही, पण वर्णन वाचून काही गोष्टी लिहायलाच हव्यात.

थंडीने बोटांचे रंग असे क्रमाने बदलणं, आधी पांढरं, मग निळं, मग लाल, याला रेनॉड म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं. थंडी लागली की बोटांतल्या रक्तवाहिन्या सगळ्यांच्याच आकसतात, पण या लोकांच्या गरजेपेक्षा फार जोरात आकसतात आणि बोटाच्या टोकाला रक्त पोचणंच थांबतं. मानसिक ताणानेही असा झटका येऊ शकतो.

आता महत्त्वाचं. रेनॉड दोन तऱ्हेचं असतं. एक नुसतंच: बहुतेकदा विशी-पंचविशीत सुरू होतं, बायकांत जास्त, दोन्ही हातांना सारखं, आणि आयुष्यभर त्रास दिला तरी बोटाला इजा करत नाही. दुसरं कशाच्या तरी मागून येतं: स्क्लेरोडर्मा (कातडी ताठ होत जाण्याचा आजार), ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), थायरॉइड कमी असणं, हादरे देणाऱ्या यंत्रांवरचं काम, तंबाखूने बंद होत आलेल्या रक्तवाहिन्या, काही औषधं. चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं, एकाच हाताला आहे, टोकाला जखम होतेय किंवा कातडी ताठ वाटतेय, यांतलं काहीही असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुमच्या ताई ४४ च्या आहेत. पैसे पॅकेजला भरण्याआधी संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का ते सुचवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, साधं हिमोग्राम आणि नखाच्या मुळाशी कॅपिलरोस्कोपी, म्हणजे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या करून बघणं. जाताना त्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. सर्दीच्या, डोकेदुखीच्या, सगळ्या.

रानजाई | नेरूळ

र्‍वायाबद्दल मी सांगते. नवऱ्याच्या टायरच्या कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं क्लेरमाँ-फेराँला होतो. र्‍वाया त्याला खेटूनच आहे, शहराच्या बसने जाता येतं. रोमन लोकांच्या वेळची स्नानगृहं सापडली आहेत तिथे, आणि १८६२ मध्ये तिसरा नेपोलियन राणीसह येऊन गेला, त्यानंतर गावाचं नाव झालं. (नाडीवाला यांनी रेनॉडच्या प्रबंधाचं सालही १८६२ च दिलंय, मजा वाटली.)

शेजारच्या मादाम, वय सत्तरीच्या पुढे, दरवर्षी तिथे उपचार घ्यायच्या. त्यांना बोटांचा हाच त्रास होता. मी एकदा सोबत गेले होते. एका लांब खोलीत खुर्च्या मांडलेल्या, समोर हात ठेवायला पाट. बाई येऊन दोन्ही हात कोपरापाशी ओलसर करते, मग पारदर्शक प्लास्टिकचे सैल मोजे चढवते आणि मनगटाच्या वर पट्टीने घट्ट करते. मोज्याला बारीक नळी. नळी उघडली की मोजा हळूहळू फुगतो. झऱ्याच्या पाण्यातून वेगळा केलेला वायू, वास नाही, रंग नाही. मादाम म्हणायच्या, पहिली काही मिनिटं काहीच नाही, मग बोटांत मुंग्या आणि आतून ऊब. वायू गरम केलेला नसतो, तरीही ऊब. मोजे काढले तेव्हा हात पट्टीपर्यंत गुलाबी-लाल आणि पट्टीच्या वर नेहमीचा गोरा. ती सीमा इतकी स्वच्छ होती की मी त्यांचा हात धरून बघतच राहिले.

तिथे याशिवाय वायू विरघळलेल्या पाण्याच्या आंघोळी असतात, पायांसाठी वायूच्या पिशव्या असतात, आणि कातडीखाली बारीक सुईने वायू सोडणंही असतं. म्हणजे हिरवाचाफा, तुमच्या क्लिनिकचं कार्बॉक्सी मुळात तिथूनच आलंय, १९३२ पासून र्‍वायात ते चालू आहे. पण तिथे आधी डॉक्टर तपासतात, मग ठरवतात कुणाला मोजे, कुणाला आंघोळ, कुणाला सुई. कोर्स तीन आठवड्यांचा, त्यात १८ दिवस उपचार. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर फ्रेंच सरकारी विम्यातून खर्चाचा बराच भाग परत मिळतो. आपल्याला अर्थात तो लाभ नाही.

मादामचा हिवाळा त्यामुळे सुसह्य व्हायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्रास गेला मात्र नव्हता. हातमोजे त्या मे महिन्यातही पर्समध्ये ठेवायच्या.

तानसाकाठ | भिवंडी

फ्रान्सला कशाला जायचं म्हणतो मी? ठाण्याहून अंजूर फाट्यावरून तासा-दीड तासात अकलोली. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, तिन्हीकडे गरम पाण्याची कुंडं. आमची आजी संधिवाताला तिथेच जायची, बरी व्हायची. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ साली आणि वज्रेश्वरीचं देऊळ नवसाने बांधलं, तेव्हापासूनची ही जागा. आपल्याकडे आहे त्याची किंमत नाही आपल्याला.

खडकवासी | ऐरोली

तानसाकाठ, कुंडांबद्दल प्रेम मलाही आहे. पण दोन्ही पाणी वेगळी आहेत हो. मी भूशास्त्र शिकलोय म्हणून लिहितो.

र्‍वायाच्या डोक्यावर पुई द दोम हा ज्वालामुखीचा डोंगर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वालामुखींची रांग आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. हे ज्वालामुखी अवघ्या काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत जागे होते. खाली खोलवर अजून मॅग्माचा वायू सुटतोय, तो भेगांतून वर येतो आणि वाटेत पाण्यात विरघळतो. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. कोकणपट्टीतले गरम झरे, म्हणजे वज्रेश्वरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत, हे पावसाचं पाणी भेगांतून खोल जाऊन तापून परत येण्याचा प्रकार आहे. ऊब आहे, क्षार आहेत, गंधकाचा वास आहे, पण र्‍वायाच्या तोडीचा कार्बन डायऑक्साइड नाही.

असे वायूचे झरे जगात इतरत्रही आहेत. जर्मनीत बाड नाउहाइम, १९व्या शतकात हृदयाच्या रोग्यांची तिथे रीघ लागायची. चेक देशात मारियान्स्के लाझ्ने. जपानमध्ये ओइताजवळ नागायु, तिथल्या पाण्यात अंगावर बुडबुडे चिकटतात. आणि रोमानियात कोवास्ना भागात तर काही ठिकाणी पाणीच नसतं, जमिनीतून नुसता कोरडा वायू येतो. त्याला मोफेता म्हणतात. गोल खड्डा, उतरत्या पायऱ्या, लोक कपड्यांनिशी पायरीवर बसतात आणि वायू कमरेपर्यंत.

तानसाकाठ | भिवंडी

खडकवासी, माहितीबद्दल आभार. तरी ऊब ती ऊबच. थंड बोटांना गरम पाणी वाईट कसं?

नाडीवाला | खारघर

वाईट नाही, तानसाकाठ. कोमट पाण्यात हात ठेवणं हा झटका थांबवायचा सोपा उपाय आहे आणि आम्ही तोच सांगतो. फक्त कोमट. बोट बधिर असताना किती गरम आहे ते कळत नाही. कुंडाच्या कढत पाण्यात बधिर हात घातला तर भाजेल आणि कळणार नाही. मधुमेह असलेल्यांनी तर पायाच्या बाबतीतही हे कायम लक्षात ठेवावं.

निळीशाई | बेलापूर

मला एक शंका आहे. श्वासाने बाहेर टाकायचा वायू कातडीतून आत घालून फायदा कसा होतो? शाळेत तर तो टाकाऊ म्हणून शिकवला.

खडकवासी | ऐरोली

हे डॉक्टरांनी सांगावं, पण माझ्या वाचनातलं लिहितो. स्नायू काम करतात तिथे कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. 'इथे काम चालू आहे, रक्त पाठवा' हे शरीराला सांगणाऱ्या खुणांपैकी ती एक. म्हणून तो वाढला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. शिवाय तो जास्त असेल तिथे हिमोग्लोबिन ऑक्सिजन पटकन सोडून देतं. हे कोपनहेगनच्या क्रिस्टियान बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलं. अणूवाले नील्स बोर यांचे हे वडील.

नाडीवाला | खारघर

बरोबर. त्यात एवढंच जोडतो की कातडीतून कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज आत शिरतो, म्हणून मोजे किंवा पाणी चालतं. आणि तो कातडीतल्या उष्णता-थंडी ओळखणाऱ्या टोकांवरही काम करतो. त्यामुळे ३३-३४ अंशांचं पाणी, जे एरवी आपल्याला गारच लागेल, ते वायू असेल तर उबदार वाटतं. या आंघोळींच्या पाण्यात लिटरला साधारण एक ग्रॅम किंवा जास्त वायू लागतो.

पुरावाद्या | माजिवडा, ठाणे

सगळं छान आहे, पण रक्तवाहिनी तासभर सैलावणं आणि आजार कमी होणं यांत फार अंतर आहे. यावरचे बहुतेक अभ्यास मोजक्या रोग्यांवरचे आहेत. आणि मोज्यात वायू आहे की नुसती हवा हे रोग्याला कळणारच, कारण हात लाल होतो आणि ऊब लागते. मग तुलना कशी करणार? त्यात तीन आठवडे नोकरी नाही, स्वयंपाक नाही, डोंगरातली हवा, रोज कुणीतरी प्रेमाने हात हातात घेतंय. यातल्या कशाने बरं वाटलं ते सांगा.

ताईंना उगाच आशा लावू नये एवढंच म्हणणं.

रानजाई | नेरूळ

पुरावाद्या, शंका रास्त आहे. मीही बरा करणारा उपचार म्हणत नाहीये, तिथले डॉक्टरही म्हणत नव्हते. पण ज्या माणसाचं बोट दिवसातून अनेकदा मरतं आणि ठणकत जिवंत होतं, त्याला काही महिने झटके कमी आले तर ते क्षुल्लक नाही. मादाम औषध घेतच होत्या, त्याच्या जोडीला हे. आशा आणि फसवणूक यांत फरक आहे.

पुरावाद्या | माजिवडा, ठाणे

औषधाच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असं असेल तर माझी हरकत नाही. माझी हरकत पॅकेजला आहे.

गुलबक्षी_२ | नौपाडा, ठाणे

मी कार्बॉक्सी केलंय, डोळ्यांखालच्या काळेपणासाठी. म्हणून त्या क्लिनिकच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही लिहिते. एक यंत्र असतं, सिलेंडरमधला शुद्ध वायू त्यातून मोजून येतो, केसासारखी बारीक सुई. वायू जाताना कातडी टम्म होते आणि चुरचुरतं, थोड्या वेळात बसतं. मला थोडाफार फरक पडला. पण तिथे माझ्या हातांबद्दल, रक्तदाबाबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. ती सौंदर्याची जागा आहे, तिच्याकडून तेवढीच अपेक्षा. आजारी बोटात सुई खुपसायची तर टोचलेली जागा भरेल का, हे आधी कुणीतरी बघायला हवं ना?

नाडीवाला | खारघर

+१ गुलबक्षी. टोकाला रक्तच कमी पोचत असेल तर लहानशी जखमही चिघळते. हाच माझा मुख्य मुद्दा होता.

दोरखंड | तुर्भे

एरवी नुसता वाचत असतो, आज लिहितो. मी मार्केटला कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. सफरचंद, मटार, चिंच, सगळं थंडीत. आमच्याकडे हमाली करणाऱ्या पोरांची बोटं पांढरी होतात, कुणी लक्ष देत नाही. मीही देत नव्हतो.

माझे वडील त्याच कामावर होते. बिडी कायम. पहिल्यांदा पायाची टाच चालताना दुखायची, मग हाताच्या बोटाला जखम झाली ती भरेना. सगळे म्हणायचे थंडीने झालं. सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने विचारलं, बिडी किती? वडील हसले. तो हसला नाही. बर्गरचा आजार निघाला, तंबाखूने हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात तो. बोट काढावं लागलं. त्यानंतर वडिलांनी बिडी सोडली आणि बाकीची बोटं वाचली, शेवटपर्यंत.

कुणाच्या घरी असं असेल तर आधी तंबाखू बंद करा. मोजे-बिजे नंतर बघा. हात जोडून सांगतो.

निळीशाई | बेलापूर

दोरखंड दादा, हे लिहिलंत, बरं केलंत.

नाडीवाला | खारघर

दोरखंड यांचा प्रतिसाद मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये हा आजार मांडला. त्यावर तंबाखू पूर्ण थांबवणं यापेक्षा मोठा उपाय आजही नाही. कमी करून चालत नाही, पूर्ण थांबवावी लागते. मिश्री, गुटखा, तपकीर, सगळं त्यात आलं.

दोरखंड | तुर्भे

वाचून दाखवा डॉक्टर.

रबाळेकर | रबाळे

मी एमआयडीसीत सेफ्टीला आहे. दोन गोष्टी. एक, ग्राइंडर, ब्रेकर, चिपिंग हॅमर वापरणाऱ्या कामगारांनाही बोटं पांढरी होतात, हादऱ्यांमुळे. त्यांनी कामाचं स्वरूप डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

दुसरी गोष्ट, सुपारी यांच्या सोड्यावरून आठवली. गंमत म्हणून ठीक, पण इथे वाचून कुणी घरी प्रयोग करू नये म्हणून सविस्तर लिहितो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण दीडपट जड. बंद न्हाणीघरात सिलेंडर उघडला तर तो तळाशी साठत जातो, आणि माणूस टबात बसलेला असेल तर नाक नेमकं तिथेच असतं. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के आहे. ते १० टक्क्यांपर्यंत गेलं की मिनिटांत शुद्ध हरपते. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला गेलेला दुसराही येत नाही, त्यात बऱ्याचदा हाच वायू आणि ऑक्सिजनचा अभाव असतो. कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री असाच वायू उसळून खालच्या दरीत उतरला, १,७०० हून जास्त माणसं झोपेत गेली.

म्हणूनच खडकवासी यांनी लिहिलेल्या त्या रोमानियातल्या खड्ड्यात वायू कमरेपर्यंतच ठेवतात आणि कुणाला वाकू देत नाहीत. ड्राय आइस तर हातात धरूच नका, उणे ७८ अंश असतो तो.

सुपारी | कोपरी, ठाणे

रबाळेकर साहेब, सोडा आजपासून फक्त पिण्यासाठी. विहिरीचं मला खरंच माहीत नव्हतं, गावी भावाला आत्ताच फोन करून सांगितलं. त्यांच्याकडे गाळ काढायचं काम निघालंय.

रबाळेकर | रबाळे

हे फार चांगलं केलंत. वायू मोजणारं मीटर आणि वरून दोर बांधलेला माणूस याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. दिवा सोडून बघण्यावर विसंबू नका.

केतकी_मावशी | वर्तकनगर, ठाणे

हिरवाचाफा, तुझ्या ताईचं वाचून माझे जुने दिवस आठवले. मला स्क्लेरोडर्मा आहे, बरीच वर्षं झाली. सुरुवात अशीच, पांढऱ्या बोटांनी. पुढे बोटं सुजल्यागत झाली, अंगठी निघेना, मग कातडी ताणली गेली. तुझ्या ताईला हे असेलच असं मुळीच नाही बरं का, बहुतेकांना नसतं. पण बघून घ्या.

मी निफेडिपिन घेते, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. सुरुवातीला डोकं दुखायचं, पाय सुजायचे, डॉक्टरांनी मात्रा बदलली. टोकाला जखमा झाल्या होत्या तेव्हा रुग्णालयात शिरेतून औषध दिलं.

आता घरातलं सांगते, जे कुणी सांगत नाही. हात उबदार ठेवायचे तर आधी अंग उबदार ठेवायचं. पोटाला, मानेला गार लागलं तरी बोटं पांढरी होतात. एसी बसमध्ये चढायच्या आधी शाल घे, चढल्यावर नको. फ्रीजरसमोर जुने लोकरी मोजे टांगून ठेव. भाजी धुवायला कोमट पाणी. पिशवीचे बंद बोटांत अडकवू नको, कोपरात घे. झटका आलाच तर हात काखेत धर किंवा पूर्ण दंड जोरात गोल फिरव, रक्त बोटांकडे ढकललं जातं. रोज रात्री बोटांना व्हॅसलीन.

आणि तिला एकटीला पाठवू नको. अहवाल हातात येईपर्यंतचे दिवस फार वाईट जातात.

वाशीचा_वारा | वाशी

मावशी, दंड फिरवायचं आत्ता ऑफिसात करून पाहिलं. शेजारचा दचकला, पण करंगळी लवकर गुलाबी झाली!

शेवगा | कासारवडवली

अवांतर : ऑफिसातले एसी २० अंशांवर ठेवणाऱ्यांवर एक वेगळा धागा हवा. घामाघूम ठाण्याहून निघायचं आणि महापेला गारठून बसायचं. आमच्याकडच्या सगळ्या बायका मे महिन्यात स्वेटर घालून बसतात. विचारलं तर म्हणतात, सर्व्हरसाठी. सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर आहेत!

निळीशाई | बेलापूर

शेवगा, +१००. आमच्याकडे तक्रार केली तर 'तुम्ही जागा बदला' म्हणाले. रबाळेकर, यावर काही नियम?

रबाळेकर | रबाळे

लेखी द्या आणि सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. वैद्यकीय कारण कागदावर आलं की झोत बंद करणं, जागा बदलणं याला सहसा नाही म्हणत नाहीत. तोंडी तक्रारीचं काही होत नाही, हा माझा दोन्ही बाजूंचा अनुभव.

हिरवाचाफा | ठाणे

मंडळी, उशिरा लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद ताईने स्वतः वाचले. दोरखंड दादांचा वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, डॉक्टरांची वेळ घे.

नवी मुंबईत ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवलं. मी सोबत होते, मावशी. त्यांनी नखाच्या मुळाशी कातडीवर तेलाचा थेंब टाकला, छोटा कॅमेरा धरला आणि स्क्रीनवर दाखवलं : बारीक बारीक केसपिनांची रांग, एकीला लागून एक, त्यातून रक्त जाताना दिसतं. ताईच्या सगळ्या नीट ओळीत आहेत, कुठे फुगलेल्या नाहीत, कुठे गाळलेली जागा नाही. हे चांगलं लक्षण आहे म्हणाले. एएनए निगेटिव्ह. थायरॉइडचा अहवाल किंचित वरखाली आहे, तो पुन्हा करायचाय.

पण खरी गोष्ट यादीतून निघाली. नाडीवाला, तुम्ही सगळ्या गोळ्या लिहून न्या म्हणालात ना, त्यात ताईची मायग्रेनची गोळी होती, प्रोप्रानोलॉल. गेल्या वर्षी सुरू झाली होती. डॉक्टरांनी तारीख विचारली, आणि बोटांचा त्रास त्यानंतर काही आठवड्यांनीच सुरू झालेला. त्या जातीच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं किंवा मुळात थोडं असेल तर वाढू शकतं, म्हणाले. मायग्रेनच्या डॉक्टरांशी बोलून ती हळूहळू कमी करत दुसरी सुरू केलीय. बोटं अजून पांढरी होतात, पण पूर्वीसारखी पार दुसऱ्या पेरापर्यंत नाही. पुढे काय ते बघायचं.

र्‍वायाबद्दल मी डॉक्टरांना विचारलं. त्यांना माहीत होतं! म्हणाले, मोजे किंवा आंघोळ नीट ठिकाणी, नीट देखरेखीत घेतली तर नुकसान नाही, तात्पुरता आराम मिळतो, पण ताईच्या बाबतीत आत्ता त्यासाठी लाखो रुपये घालू नका. सुईच्या पॅकेजला मात्र स्पष्ट नाही म्हणाले. ताईने पैसे भरले नाहीत.

आईचं समाधान व्हावं म्हणून वज्रेश्वरीला दर्शनाला जाणार आहोत. कुंडात पाय, हात नाही.

नाडीवाला | खारघर

फार बरं वाटलं. एक सूचना सगळ्यांसाठी : प्रोप्रानोलॉल किंवा त्या जातीची कुठलीही गोळी हा धागा वाचून कुणी आपल्या मनाने बंद करू नये. एकदम थांबवली तर हृदयावर ताण येऊ शकतो. हिरवाचाफाच्या ताईंची जशी हळूहळू कमी केली तशीच, डॉक्टरांकडूनच.

तानसाकाठ | भिवंडी

अकलोलीला याल तेव्हा नदीकाठच्या कुंडावर सकाळी लवकर या, गर्दी नसते. आईंना पायऱ्यांवर जपा, शेवाळ असतं.

पुरावाद्या | माजिवडा, ठाणे

छान बातमी. रानजाई, मादामच्या मोज्यांबद्दल अजून काही आठवत असेल तर लिहा, वायू किती वेळ ठेवायचे वगैरे. मला आता वाचायची उत्सुकता आहे.

रानजाई | नेरूळ

पुरावाद्या, जरूर. साधारण वीस मिनिटं, मग हात चादरीत गुंडाळून तेवढाच वेळ पडून राहायचं. ती विश्रांती चुकवू देत नसत. मादामची मुलगी अजून संपर्कात आहे, तिला विचारून नीट लिहिते.

भरतीओहोटी | कोपरखैरणे

धागा वर काढतोय. वडिलांना पायाला असाच गारठा आणि चालताना पोटरी दुखते, मधुमेह आहे. एका ठिकाणी पायांसाठी कार्बन डायऑक्साइडची पिशवी लावतो म्हणतायत. घ्यावं का?

नाडीवाला | खारघर

भरतीओहोटी, आधी पायाची नाडी लागते का ते तपासून घ्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात, त्याला एबीआय म्हणतात, आणि लागला तर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर राहते, हे मोठी रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. मधुमेहात एबीआय कधी कधी खोटा चांगला येतो, म्हणून व्हॅस्क्युलर सर्जनना दाखवा. या आठवड्यातच. पिशवीचा विचार त्यानंतर. वडील तंबाखू खातात का?

भरतीओहोटी | कोपरखैरणे

मिश्री लावतात. उद्याच घेऊन जातो. वाशी-नेरूळ भागात कुठे दाखवू?

दोरखंड | तुर्भे

व्यनि (खासगी निरोप) केला आहे. नंबरही दिलाय, सोबत यायला लागलं तर सांगा, माझी दुपारची शिफ्ट आहे, सकाळ मोकळी.